'हाय' दिलेला गटच का रखडतो? व्हीएमच्या रिसोर्स पूलची क्रमवार तपासणी

व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय बसवलेले दोन-तीन सर्व्हर (होस्ट), त्यांचा कारभार एकत्र बघणारं व्हीसेंटर, आणि त्यात वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक. निपाणी-चिक्कोडी-अथणी पट्ट्यातला साखर कारखाना असो, बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री असो की दहा-बारा शाखांची सौहार्द सहकारी पतसंस्था, मांडणी साधारण हीच असते. मशीनचे गट (रिसोर्स पूल) करून कुणाला किती जोर द्यायचा हे शेअर्सनं, म्हणजे लो, नॉर्मल, हाय अशा हिश्शांनी, एकदा ठरवलं जातं आणि मग तीच तक्रार दर हंगामात नव्यानं येते.

लक्षणं

• प्रॉडक्शन पूलला हाय शेअर्स आहेत, तरी ऊस काट्याची पावती निघायला दहा-पंधरा सेकंद लागतात. त्याच वेळी लो दिलेल्या टेस्ट पूलमधलं मशीन झरझर चालतं.
• होस्टवर रॅम मोकळी दिसते, पण एखाद्या मशीनमधलं विंडोज मेमरी ९५ टक्के भरल्याचं सांगतं. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसची बेरीज मात्र त्याच्या निम्मीही होत नाही.
• नवं मशीन चालू करताना रिसोर्स अपुरे असल्याचा निरोप येतो, चार्टवर मात्र निम्मा सीपीयू रिकामा.
• एरवी सगळं सुरळीत. वीज जाऊन आली आणि सर्व्हर परत उठले की दोन दिवस सगळं जड.
• ३१ मार्चला व्याज आकारणी चालू असताना फक्त अकाउंटचं मशीन नाही, सगळेच अडकतात.

यातलं पहिलं लक्षण सर्वांत जास्त वेळा दिसतं. त्यावर लोक जो उपाय करतात, म्हणजे शेअर्स आणखी वाढवणं, तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. वरच्या तपासण्या फुकट आहेत, मशीन बंद करावं लागत नाही, आणि बरीच प्रकरणं तिथंच संपतात.

आधी दोन मिनिटं: टंचाई आहे का?

शेअर्सना अर्थ असतो तो फक्त टंचाईच्या वेळी. होस्टचा सीपीयू ४० टक्के चालू असेल तर लो आणि हाय दोघांनाही मागाल तेवढं मिळतं. शेअर्स कितीही फिरवा, काडीचाही फरक पडणार नाही. तक्रार चालू असतानाच (संध्याकाळी नव्हे) त्या मशीनचा रिअल-टाइम सीपीयू चार्ट उघडा आणि रेडी हा आकडा बघा. मशीनला काम करायचं होतं, पण प्रोसेसर मिळाला नाही म्हणून ते किती वेळ रांगेत थांबलं, ते यात दिसतं.

आकडा मिलिसेकंदांत असतो आणि इथंच घोळ होतो. रिअल-टाइम चार्टचा एक ठिपका २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा. एका व्हीसीपीयूचा (मशीनला दिलेल्या आभासी प्रोसेसरचा) रेडी १,००० आला तर ५ टक्के, २,००० आला तर १० टक्के. संपूर्ण मशीनचा आकडा घेतलात तर त्याला व्हीसीपीयूंच्या संख्येनं भागा; चार व्हीसीपीयूच्या मशीनचा ४,००० म्हणजे दरडोई ५ टक्केच. दिवसाच्या चार्टचा ठिपका मात्र ३०० सेकंदांचा असतो. तिथं ३०,००० बघून छातीत धस्स होतं, पण एका व्हीसीपीयूला ते १० टक्केच असतात.

दरडोई ५ टक्क्यांच्या आत असेल तर सीपीयूच्या वाटणीचा प्रश्न नाही. अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट, टॅलीचा डेटा नेटवर्क शेअरवरून उघडणं, एसक्यूएलमधला हरवलेला इंडेक्स, नाहीतर खाली येणारी मेमरी आणि डिस्क, यांकडे जा. ५ ते १० मध्ये लक्ष ठेवा. १० च्या वर असेल तर पुढं वाचा.

कुठंतरी लिमिट अडकलंय का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. व्हीसेंटरमध्ये क्लस्टर (एकत्र जोडलेले होस्ट) निवडून मॉनिटर, त्यात रिसोर्स अलोकेशन, तिथं सीपीयू आणि मेमरी अशी दोन पानं. लिमिटचा, म्हणजे कमाल मर्यादेचा, रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. प्रत्येक ओळीत अनलिमिटेड हवं. पूलच्या ओळीसुद्धा वाचा. मशीनचं लिमिट मोकळं आणि पूलचंच बांधलेलं, असंही असतं.

लिमिट मुद्दाम क्वचितच कुणी घालतं. ते येतं टेम्प्लेटमधून, म्हणजे नवी मशीन ज्यावरून करतात त्या साच्यातून. टेम्प्लेट करताना ४ जीबी रॅम आणि ४ जीबीचं मेमरी लिमिट होतं. त्यावरून केलेल्या मशीनची रॅम नंतर १६ जीबी केली, लिमिट तसंच राहिलं. आता विंडोजला १६ जीबी दिसतात, होस्ट मात्र प्रत्यक्ष ४ जीबीच्या वर देत नाही. उरलेलं बलून (मशीनमधून रॅम काढून घेणारा ड्रायव्हर) फुगवून काढून घेतलं जातं, तेही पुरलं नाही तर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातं. होस्टवर १०० जीबी मोकळे असले तरी हेच होतं. वरचं दुसरं लक्षण, प्रोसेसची बेरीज न जुळणं, ते याच बलूनमुळं: मेमरी ड्रायव्हरनं धरून ठेवलेली असते, म्हणून कोणत्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही.

खात्रीसाठी होस्टवर ईएसएक्सटॉप (कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड) चालवा, मेमरीसाठी एम दाबा. एमसीटीएलएसझेड शून्याच्या वर म्हणजे बलून फुगलाय. एसडब्ल्यूसीयूआर म्हणजे स्वॅपमध्ये आत्ता किती पडलंय. लिमिट काढल्यावर हा दुसरा आकडा लगेच उतरत नाही, कारण पान कुणी मागेपर्यंत डिस्कवरच पडून राहतं. त्यानं घाबरू नका, बाजूचा स्वॅप-रीडचा दर शून्य असला की झालं. सीपीयूचं लिमिट सी दाबल्यावर एमएलएमटीडी रकान्यात दिसतं. आरडीवायमध्ये (म्हणजे वरच्या रेडीत) एमएलएमटीडी धरलेलं असतं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर प्रोसेसर कमी नाही, तुम्हीच दार लावून घेतलंय.

पूलच्या बाहेर कोण बसलंय?

पूल आणि पूलच्या बाहेर थेट क्लस्टरखाली असलेली मशीन ही एकमेकांची भावंडं. वाटणी या भावंडांत होते. ठरलेले आकडे असे: पूलचे सीपीयू शेअर्स लो २,०००, नॉर्मल ४,०००, हाय ८,०००. मशीनचे मात्र प्रत्येक व्हीसीपीयूमागं लो ५००, नॉर्मल १,०००, हाय २,०००.

म्हणजे ८ व्हीसीपीयूचं एक साधं नॉर्मल मशीन पूलच्या बाहेर राहिलं तर त्याचे ८,००० शेअर्स झाले. तुमच्या सबंध हाय पूलच्या बरोबरीचे! असं मशीन बहुधा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगचं किंवा बॅकअपचं असतं. वेंडरनं बसवून दिलं आणि ते जिथं पडलं तिथंच राहिलं. नियम सोपा ठेवा: पूल वापरायचे तर सगळी मशीन कुठल्या ना कुठल्या पूलमध्ये, बाहेर एकही नको. ओढून पूलमध्ये टाकलं तर मशीन बंद होत नाही.

वाटणीचा हिशेब मांडा

सगळा गुंता इथं आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसा.

पूलला दिलेले शेअर्स हे पूलचे असतात, आतल्या प्रत्येक मशीनचे नव्हेत. एकत्र कुटुंबाच्या वाटणीसारखं समजा. थोरल्याला चार हिस्से, धाकट्याला एक. थोरल्याच्या घरात चाळीस तोंडं, धाकट्याकडं चारच. कागदावर थोरला मोठा, पण धाकट्याच्या ताटात जास्त पडतं.

आकड्यांत: टंचाईच्या वेळी वाटायला ४० गिगाहर्ट्झ आहेत. प्रॉडक्शन हायवर, त्यात २ व्हीसीपीयूची २० मशीन, एकूण ४० व्हीसीपीयू. टेस्ट लोवर, त्यात तसलीच २ मशीन, एकूण ४ व्हीसीपीयू. शेअर्स ८,००० आणि २,०००, म्हणजे ८० आणि २० टक्के. प्रॉडक्शनला ३२ गिगाहर्ट्झ मिळाले, दर व्हीसीपीयूला ०.८. टेस्टला ८ मिळाले, दर व्हीसीपीयूला २. म्हणजे 'बिनमहत्त्वाच्या' मशीनला अडीचपट! त्यात वरचं ८ व्हीसीपीयूचं मशीन बाहेर बसलेलं असेल तर प्रॉडक्शनचा वाटा १८,००० पैकी ८,००० उरतो, साधारण १७.८ गिगाहर्ट्झ, दर व्हीसीपीयूला ०.४५ सुद्धा नाही. (सगळेच एकाच वेळी मागताहेत असं धरलंय. कुणी आपला वाटा वापरला नाही तर तो इतरांना मिळतो, म्हणून हा दोष शांत दिवसांत लपून राहतो आणि गाळप सुरू झालं की वर येतो.)

दुरुस्तीसाठी हाय-लो विसरा आणि कस्टम निवडा. गटातल्या एका व्हीसीपीयूला किती वजन हवं ते ठरवा आणि व्हीसीपीयूंच्या संख्येनं गुणा. प्रॉडक्शनला ४, टेस्टला १ हवं असेल तर ४ × ४० = १६० आणि १ × ४ = ४. शंभरपट करून १६,००० आणि ४०० भरा. आता दर व्हीसीपीयूला ०.९८ आणि ०.२४ गिगाहर्ट्झ येतात, म्हणजे खरोखर चारास एक. मेमरीचा हिशेब वेगळा मांडा, तिथं व्हीसीपीयूंऐवजी गटातल्या एकूण जीबींनी गुणा.

अट एकच: गटात मशीन वाढलं-घटलं की आकडा परत काढायचा. नेमकं हेच विसरलं जातं आणि तक्रार दरवर्षी परत येते. व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटरचा संच) ७.० पासून स्केलेबल शेअर्स आहेत. क्लस्टरच्या डीआरएस (मशीन होस्टांमध्ये आपोआप वाटणारी सोय) सेटिंगमध्ये जादा पर्यायांखाली ते चालू केलं की पूलमध्ये किती मशीन आहेत ते बघून हिस्सा आपोआप बदलतो. मुळात ते बंद असतं. ७ किंवा ८ वर असाल तर हातानं हिशेब करण्यापेक्षा हेच चालू करा.

आणखी एक. नुसती मशीन नीट लावून ठेवायला पूल केलेले असतील, म्हणजे 'अकाउंट', 'वेबसाइट', 'जुनी मशीन' असे, तर ते काढून टाका आणि व्हीएम्स अँड टेम्प्लेट्सच्या पानावर फोल्डर करा. फोल्डर दिसण्यापुरता असतो, पूल मात्र वाटणी बदलतो. आणि व्हीएमवेअरऐवजी प्रॉक्समॉक्स हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथला पूल हा परवानग्यांसाठीचा गट आहे, सीपीयूच्या वाटणीशी त्याचा संबंध नाही, तिथं जोर दर मशीनच्या सीपीयू युनिटनं ठरतो. तेव्हा हा हिशेब तिकडं जसाच्या तसा नेऊ नका.

गटाचं ध्येय 'हाय' असं लिहू नका. लिहायचं ते असं: काट्याची पावती ३ सेकंदांत, त्यासाठी या गटात रेडी दरडोई ५ टक्क्यांच्या आत, स्वॅप-रीड शून्य, डिस्कचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत. टेस्टसाठी: रात्री चाललं तरी चालेल. असं लिहिलेलं असलं की तक्रार आल्यावर कुठला आकडा बघायचा यावर वाद होत नाही.

रिझर्व्हेशन आणि 'रिसोर्स अपुरे'

मशीन चालूच होत नसेल तर शेअर्सशी त्याचा संबंध नाही. रिझर्व्हेशन म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं. चालू होताना मशीनला लागणारं रिझर्व्हेशन पूलमध्ये शिल्लक आहे का ते तपासलं जातं. प्रत्यक्ष वापर किती, ते बघितलं जात नाही. पूलचं एक्सपांडेबल टिक काढलेलं असेल तर तो वरच्या पातळीकडून उसनं घेऊ शकत नाही आणि मशीन अडतं. टिक परत लावा, नाहीतर आतल्या एखाद्या मशीनचं फुगवलेलं रिझर्व्हेशन कमी करा.

सीपीयूचं रिझर्व्हेशन वापरात नसेल तेव्हा इतरांना वापरता येतं. मेमरीचं तसं नाही. मशीननं एकदा ती पानं वापरली की ती अडकली. म्हणून सगळ्यांनाच पूर्ण मेमरी राखून देण्याचा मोह टाळा. डेटाबेसचं एखादं मशीन, बस.

वीज गेल्यानंतरचा जडपणा

वळवाच्या पावसात हे हमखास दिसतं. वीज जाते, यूपीएस संपतो, सगळं बंद. परत आल्यावर जो होस्ट आधी उठतो त्यावर एचए (बंद पडलेली मशीन परत उठवणारी सोय) सगळी मशीन चालू करून टाकतं, दुसरा मागाहून येऊन रिकामा बसतो. डीआरएस मॅन्युअलवर असेल तर तो नुसत्या सूचना देतो, हलवत काहीच नाही. सूचनांचं पान उघडून मंजूर करा किंवा फुली ऑटोमेटेड करा. हलवाहलव गर्दीच्या पाळीत करू नका.

इथं एक धोका आहे. गोंधळ आवरायला म्हणून डीआरएस बंद करू नका. तो बंद केला की क्लस्टरमधले सगळे पूल पुसले जातात. बंद करताना पूलच्या झाडाची नोंद फाइलमध्ये ठेवू का असं विचारतात, तिथं 'हो' म्हणा. डीआरएस नसलेल्या परवान्यावर क्लस्टरमध्ये पूल करताच येत नाहीत, सुट्या होस्टवर येतात.

व्हीसीपीयू जास्त झालेत का?

आता मशीन बंद करावं लागणार. ईएसएक्सटॉपमध्ये सीएसटीपी (व्हीसीपीयू थांबवून ठेवल्याचा वेळ) ३ टक्क्यांच्या वर असेल तर मशीनला गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिलेत. ८ व्हीसीपीयूच्या मशीनमध्ये आठही जणांना साधारण बरोबरीनं चालवायचं असतं. काही पुढं गेले की मागच्यांसाठी त्यांना थांबवून ठेवतात. ८ चे ४ केल्यावर मशीन जोरात पळू लागतं, हे अकाउंट विभागाला पटवणं तपासणीपेक्षा अवघड असतं. आठवडाभराचा वापर बघा. सरासरी २० टक्क्यांच्या आत आणि शिखरही ५० च्या खाली असेल तर निम्मे करा. एकावेळी एकच मशीन, आणि नंतर दोन दिवस बघा. उतरवल्यावर वरचा वाटणीचा हिशेब परत मांडायचा, कारण व्हीसीपीयूंची बेरीज बदलली.

सर्व्हरची खोली आणि बायोस

रेडी कमी, लिमिट नाही, तरी सगळ्या होस्टवरची सगळीच मशीन मंद? बायोसमधला पॉवर प्रोफाइल बघा. फर्मवेअर अपडेट किंवा बोर्डवरचा सेल संपल्यानं तो मूळ पदावर जातो आणि प्रोसेसर वेग दाबून चालतो. कामगिरीचा किंवा ओएस-नियंत्रित प्रोफाइल ठेवा, ईएसएक्सआयमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. यासाठी होस्ट मेंटेनन्समध्ये टाकून रीस्टार्ट करावा लागतो.

दुसरं तापमान. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही शिफारस आहे. एप्रिल-मेमध्ये एसी बिघडला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. फाउंड्रीची काळी धूळ आणि कारखान्यातला उडता भुसा पंख्यांच्या जाळीवर थर धरतो, तो सर्व्हर बंद करूनच काढा. चालू सर्व्हरवर ब्लोअर मारला तर धूळ आतच जाते.

डिस्क: पूलच्या हाताबाहेरचा प्रांत

रिसोर्स पूल सीपीयू आणि मेमरीच वाटतो, डिस्क नाही. ईएसएक्सटॉपमध्ये यू दाबा. डीएव्हीजी (स्टोरेजकडून होणारा उशीर) २५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर दोष स्टोरेजकडं. केएव्हीजी (होस्टच्या आतला उशीर) २ च्या वर गेला तर होस्टमधल्या रांगेत. स्वस्त कारण आधी: जुने स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची राखून ठेवलेली स्थिती. बॅकअप मध्येच तुटला की स्नॅपशॉट मागं राहतो आणि महिनोन्महिने फुगतो. कन्सॉलिडेट करा, म्हणजे मूळ डिस्कमध्ये मिसळून टाका, पण डेटास्टोअरवर जागा असताना आणि रात्रीच.

मग रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी. ती मेली की कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातो. वाचणं ठीक राहतं, लिहिणं रेंगाळतं. काटा आणि व्याज आकारणी दोन्ही लिहिणारीच कामं, म्हणून ओरड तिथूनच सुरू होते. बॅटरी नाही म्हणून जबरदस्तीनं राइट-बॅक चालू करणं हा उपाय नव्हे. वीज गेली की कॅशमधल्या नोंदी गेल्या.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

• होस्टवर जांभळा पडदा (ईएसएक्सआय कोलमडल्याची खूण) आला. फोटो काढा, मगच रीस्टार्ट करा.
• रेडमधली एक डिस्क गेली आणि दुसरीवर इशारा आहे. काहीही हलवू नका, आधी बॅकअप तपासा.
• स्नॅपशॉट कन्सॉलिडेट अडकलंय किंवा डेटास्टोअर भरत आलंय. स्नॅपशॉटच्या फाइली हातानं पुसणं म्हणजे मशीन गमावणं.
• न्यूमाचे (कुठल्या प्रोसेसरला कुठली मेमरी जवळची, त्या मांडणीचे) किंवा मेमरीचे अॅडव्हान्स्ड आकडे बदलावेसे वाटू लागले.
• यूपीएस वारंवार ट्रिप होतोय, अर्थिंगची शंका आहे. हे इलेक्ट्रिशियनचं काम, सर्व्हरवाल्याचं नव्हे.
• लिमिट, वाटणी, व्हीसीपीयू सगळं नीट करूनही रेडी १० च्या वर आणि स्वॅप चालूच. मग होस्ट खरंच अपुरा आहे. रॅम वाढवताना त्या सर्व्हरच्या मॅन्युअलप्रमाणे सर्व चॅनेलवर सारख्या पट्ट्या बसवायच्या असतात, मिळेल ती पट्टी नाही.

ब्रॉडकॉमनं २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. तुमचा परवाना जुना असेल तर सपोर्टचा करार चालू आहे का ते आजच बघा, अडचणीच्या दिवशी नको. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा माणूस) हुबळीहून निघाला काय किंवा पुण्याहून, तो पोचेपर्यंत चार गोष्टी तयार ठेवा: होस्टचं सपोर्ट बंडल (त्याच्या नोंदींची एकत्र फाइल), तक्रारीच्या वेळेतलं अर्ध्या तासाचं ईएसएक्सटॉपचं बॅच रेकॉर्डिंग, रिसोर्स अलोकेशनच्या दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट, आणि गेल्या महिन्यात कुठलं मशीन वाढवलं, कुठल्या तारखेला, याची यादी. यादी शेवटी लिहिली असली तरी तो पहिल्यांदा तीच मागेल.